सिडनहॅममधले सोळा महिने

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांमध्ये नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० हा काळ बहुधा दोन-तीन पानांत आटोपतो. ह्या सोळा महिन्यांत ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. आधी कोलंबिया आणि लंडन, नंतर पुन्हा लंडन आणि पुढे महाड, अशा मोठ्या घटनांच्या मध्ये सापडलेला हा तुकडा आहे, त्यामुळे चरित्रकारांची घाई समजण्यासारखी आहे. परंतु ज्यांचा पेशा शिकवण्याचा आहे त्यांनी ह्या पानांवर जरा रेंगाळावे असे मला वाटते. ह्या मोठ्या माणसाच्या आयुष्यातील हा असा काळ आहे, की जेव्हा ते केवळ एक नवे मास्तर होते. त्यांचा वर्ग होता, विद्यार्थी होते, सहकारी होते, आणि शिक्षकांच्या खोलीत पिण्याच्या पाण्याचा एक माठ होता.

धनंजय कीर आणि चां. भ. खैरमोडे ह्या दोन्ही चरित्रकारांच्या लेखनाचा आधार घेऊन ह्या काळाचा विचार केला, की दोन नोंदी ठळकपणे समोर येतात. पहिली विद्यार्थ्यांविषयीची. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी ह्या नव्या प्राध्यापकाकडे दुर्लक्ष केले. अस्पृश्य माणसाजवळ विद्वत्ता ती कितीशी असणार, असा त्यांचा समज होता. तो फार काळ टिकला नाही. विषयाची तयारी आणि मांडणी पाहून वर्ग त्यांच्या बाजूने वळला, इतका की बाहेरच्या महाविद्यालयांतले विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. दुसरी नोंद सहकाऱ्यांविषयीची. प्राध्यापकांसाठी राखलेल्या माठातले पाणी ह्या नव्या सहकाऱ्याने प्यावे ह्याला काही प्राध्यापकांनी हरकत घेतली.

ह्या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, की एक प्रश्न उभा राहतो. वर्ग बदलला, मग खोली का बदलली नाही? वर्गात बसलेली मुले वयाने लहान, अनुभवाने कच्ची, बहुतेक त्याच शहरातल्या त्याच घरांतून आलेली. खोलीत बसलेली माणसे शिकलेली, विद्यापीठाच्या पदव्या मिळवलेली. ज्ञानाने माणसाचे पूर्वग्रह जातात हे शिक्षणाचे आवडते गृहीतक खरे असते, तर उलटे घडायला हवे होते.

१

सिडनहॅममध्ये येण्यापूर्वी हे सत्तावीस वर्षांचे प्राध्यापक स्वतः कोणत्या वर्गांत बसले होते हे आधी पाहू. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांबरोबर बसता येत नसे. बसायचे गोणपाट ते घरून नेत आणि घरी परत आणत. शाळेतल्या नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई तोटी सोडील तेव्हाच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच राहायची. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे उचलण्यासाठी मुलांची धावपळ उडाली. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण त्यांना शिकवायला शिक्षक तयार नव्हते. म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना तिथल्या हॉटेलवाल्याकडे त्यांना चहा किंवा पाणी मिळत नसे.

ह्याच प्रवासात दुसऱ्या प्रकारचे शिक्षकही भेटले. विल्सन हायस्कूलमधले कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे त्यांचे वर्गशिक्षक नव्हते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. एल्फिन्स्टनमध्ये प्रा. म्युलर ह्यांनी पुस्तके दिली, कपडे दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई असे शिक्षक त्यांना लाभले. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या छोट्या आत्मकथनात नमूद केले आहे.

ती जाणीव १९१७ मध्ये बडोद्याने परत करून दिली. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबून टाकीत. तिथे त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव घेऊन राहावे लागले, आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यानंतर कित्येक तास ते एका सार्वजनिक बागेत बसून होते. मुंबईला परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, पण सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले.

अर्थात सिडनहॅमची जागा हा नुसता नोकरीचा प्रश्न नव्हता. त्यांचे लंडनचे शिक्षण शिष्यवृत्ती संपल्याने अर्धवट राहिले होते आणि ते पुरे करायला पैसा हवा होता. कीरांच्या चरित्रानुसार, मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम ह्यांची लंडनमधली ओळख ह्या कामी उपयोगी पडली. ज्यांच्या नावाने हे महाविद्यालय १९१३ साली उभे राहिले तेच हे गृहस्थ. नेमणूक हंगामी होती आणि पगार दरमहा साडेचारशे रुपये.

२

वर्गात काय घडले असेल ह्याची कल्पना करणे फारसे अवघड नाही. वाणिज्य शिकवणारे देशातले हे अगदी पहिल्या महाविद्यालयांपैकी एक. मुंबई हे व्यापाराचे शहर, आणि अर्थशास्त्र हा इथल्या विद्यार्थ्याला पोटापाण्याशी जोडलेला विषय. समोर उभा असलेला माणूस कोलंबियात एम. ए. झालेला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून आलेला. भारतातल्या लहान धारणक्षेत्रांविषयीचा त्याचा प्रबंध १९१८ सालीच इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकाचे त्याने केलेले परीक्षणही तिथलेच. शेताचे तुकडे होतात हा दोष वारसा कायद्याचा नाही, उद्योगधंद्यांच्या अभावी शेतीवर पडलेल्या माणसांच्या भाराचा आहे, ही त्या प्रबंधातली मांडणी आजही ताजी वाटते. असा शिक्षक तासाला काय देत असेल ते सांगायला नको.

येथे वर्गाचा एक विशेष ध्यानात घ्यावा. तिथे शिक्षकाला रोज आपली परीक्षा द्यावी लागते, आणि ती देण्याची संधीही रोज मिळते. विद्यार्थ्याचा समज कितीही घट्ट असो, त्याला काही तरी हवे असते: विषय कळायला हवा असतो, परीक्षेत पास व्हायचे असते, फार झाले तर विचार करण्यातला आनंद हवा असतो. ह्या गरजेच्या वाटेने शिक्षक आत शिरतो. जातीचा समज आणि समोर चाललेले विवेचन ह्यांच्यातली विसंगती विद्यार्थ्याला पाऊण तास रोज पाहावी लागते, आणि अखेर दोहोंपैकी एक सोडून द्यावे लागते. सिडनहॅमच्या विद्यार्थ्यांनी समज सोडला.

माठापाशी असे काही घडण्याची शक्यता नसते. तिथे सिद्ध करण्याजोगे काही नसतेच. हरकत घेणाऱ्या प्राध्यापकांनी नव्या सहकाऱ्याच्या विद्वत्तेवर शंका घेतल्याची नोंद नाही. हरकत होती ती स्पर्शाला. विद्वत्ता वाढवून ह्या हरकतीला उत्तर देता येत नाही, कारण विद्वत्तेचा आणि तिचा संबंधच नसतो. विद्यार्थ्यांचा पूर्वग्रह हा एक चुकीचा अंदाज होता. सहकाऱ्यांचा पूर्वग्रह हा अंदाज नव्हता, तो आचार होता. अंदाज अनुभवाने दुरुस्त होतो, आचाराला अनुभवाची गरज पडत नाही. वर्ग बदलला आणि खोली बदलली नाही ह्याचे एक कारण मला इथे दिसते.

३

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते दिसण्यासाठी आपल्याकडच्या आणखी काही नव्या शिक्षकांकडे पाहावे लागेल.

१८८५ साली जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. सरकारी नियमाप्रमाणे भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे. त्यांची नेमणूक हंगामी असल्याने त्याच्याही निम्मा हाती पडायचा. बोसांनी तो घ्यायचे नाकारले. तीन वर्षे त्यांनी विनावेतन शिकवले, आणि शेवटी सरकारने त्यांना पूर्ण पगार मान्य करून मागील बाकीसह दिला. हा अन्याय मोठा होता, पण लिहिलेला होता. त्याला आकडा होता. आकडा नाकारता येतो, आणि नाकारणाऱ्याची दखल सरकारी दप्तराला घ्यावी लागते.

त्याच वर्षी पुण्यात फर्गसन कॉलेज सुरू झाले. तिथल्या तरुण शिक्षकांमध्ये लवकरच कडाक्याचे मतभेद झाले. आजीव सदस्यांनी बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही, संस्थेसाठी किती त्याग करावा, असे ते प्रश्न होते. लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली ती प्रदीर्घ राजीनामापत्र लिहून. सहकाऱ्यांचे वैर तिथेही होते, कदाचित अधिक तीव्र होते. परंतु ते बरोबरीच्या माणसांमधले वैर होते. त्याला मुद्दे होते, प्रतिमुद्दे होते, आणि दोन्ही बाजूंना ते कागदावर उतरवता येत होते.

आणखी मागे, १८४८ मध्ये, पुण्यातच सावित्रीबाई फुले शिकवायला निघत तेव्हा रस्त्यात त्यांच्यावर चिखल-शेण फेकले जाई. हा विरोध उघडा आणि क्रूर होता, पण तो शाळेच्या दाराबाहेर होता. दाराच्या आत फातिमा शेख ह्यांच्यासारखी सहकारी होती. ऑक्टोबर १८५६ मध्ये आजारपणात माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी, आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, अशा आशयाची काळजी व्यक्त केली आहे. शिक्षकांच्या खोलीचे एक वेगळेच चित्र ह्या एका उल्लेखातून आपल्यासमोर येते.

आता सिडनहॅमचा माठ ह्या तिन्हींच्या शेजारी ठेवून पाहावा. महाविद्यालय सरकारी होते. पगार ठरल्याप्रमाणे होता. ह्या प्राध्यापकाने माठाला हात लावू नये असा नियम शिक्षणखात्याने काढला नव्हता आणि नेमणूकपत्रात तसे काही असणे शक्य नव्हते. रस्त्यावर कोणी दगड मारीत नव्हते. मुद्द्यांचा वादही नव्हता. होती ती फक्त एक हरकत, खोलीतल्या काही जणांची. नव्या शिक्षकाच्या हाती नेमणुकीचे एक पत्र असते आणि दुसरे न लिहिलेले पत्र त्याला शिक्षकांच्या खोलीत मिळते, असे म्हणता येईल. पहिल्यात हुद्दा असतो, दुसऱ्यात पायरी असते. पहिल्याविरुद्ध अर्ज करता येतो, बोसांप्रमाणे पगार नाकारता येतो. दुसऱ्याविरुद्ध अर्ज करायचा तर आधी ते अस्तित्वात आहे हेच सिद्ध करावे लागते.

४

ह्या प्रसंगाबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आंबेडकरांनी अस्पृश्यतेचे प्रत्यक्ष अनुभव निवडून सांगितले आहेत. लहानपणी वडिलांना भेटायला जाताना बैलगाडीचा झालेला प्रवास आणि सोबत अन्न असूनही पाण्यावाचून काढलेली रात्र, बडोदे, १९२९ मध्ये चाळीसगावला टांग्याला झालेला अपघात, १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावरच्या हौदापाशी झालेली अडवणूक. ह्या यादीत सिडनहॅम नाही.

त्या आत्मकथनाचे शेवटचे दोन प्रसंग मात्र लेखकाचे स्वतःचे नाहीत. एक काठेवाडातल्या एका शिक्षकाचा आहे. त्याच्या बाळंतीण पत्नीला तपासायला डॉक्टरने अंगाला हात लावायचे नाकारले आणि ती दगावली. दुसरा गुजरातमधल्या एका अस्पृश्य तलाठ्याचा. कचेरीतल्या पाण्याच्या भांड्याला त्याने शिवायचे नाही. त्याच्यासाठी एक गंजके भांडे वेगळे ठेवलेले. पाणी वाढणारा नोकर हजर असेल तरच त्याच्या भांड्यात पाणी पडायचे, नाही तर नाही.

साताऱ्याच्या शाळेतला नळ, सिडनहॅमच्या खोलीतला माठ आणि ह्या तलाठ्याचे गंजके भांडे हा एकच धागा आहे. विद्यार्थी असो, प्राध्यापक असो वा सरकारी नोकर, पाण्यापर्यंत स्वतःच्या हाताने पोहोचण्याची परवानगी नाही. स्वतःचा माठ सोडून आंबेडकरांनी तलाठ्याचे भांडे का निवडले ह्याबद्दल तर्कच करावा लागेल. मला असे दिसते, की साडेचारशे रुपये पगाराच्या प्राध्यापकाला दुसरीकडे कुठे तरी पाणी मिळू शकते; त्या तलाठ्याला ते मिळत नव्हते आणि पुढे गावकऱ्यांच्या धमकीमुळे त्याला नोकरीही सोडावी लागली. आपल्या दुःखाला इतरांच्या दुःखाच्या मापाने मोजून मग त्याला जागा द्यायची, ही शिस्त त्यांच्या लेखनात सर्वत्र आहे.

५

माठाची हरकत सुरू असताना हे प्राध्यापक आणखी काय करीत होते, ते पाहिले म्हणजे ह्या सोळा महिन्यांचा अर्थ पुरा होतो.

रुजू होऊन तीन महिने व्हायच्या आत, २७ जानेवारी १९१९ रोजी, त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. समितीला सादर केलेल्या त्यांच्या लेखी निवेदनावर ड्युईंच्या विचारांची छाप स्पष्ट दिसते. माणसे एकमेकांच्या जवळ राहिल्याने समाज बनत नाही. सामायिक गोष्टींत सहभागी झाल्याने, परस्परांत देवाणघेवाण झाल्याने बनतो. आणि जिथे गट एकमेकांपासून तोडलेले असतात तिथे एका गटाचा माणूस दुसऱ्या गटाचे प्रतिनिधित्व करू शकत नाही, असा त्यातल्या युक्तिवादाचा गाभा आहे. हा युक्तिवाद माठातून निघाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तो कोलंबियातल्या अभ्यासातून आलेला आहे. पण ज्या दिवसांत हे प्राध्यापक सामायिक गोष्टींबद्दल लिहीत होते, त्याच दिवसांत त्यांच्या महाविद्यालयात पिण्याचे पाणी सामायिक असण्याला हरकत होती, एवढे म्हणायला अडचण नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. सरकारी नोकरीमुळे आंबेडकरांना संपादक म्हणून उघडपणे नाव लावता येत नव्हते. ते पांडुरंग नंदराम भटकर ह्यांचे लागले. शिक्षकांच्या खोलीत ज्याला बोलून उपयोग नव्हता, त्या माणसाने मुक्यांचे पत्र काढले, आणि तेही आपले नाव न छापता. ह्या अवस्थेत फार दिवस राहणे त्यांना रुचले नसते, आणि त्यांचा बेतही तसा नव्हता. परळच्या चाळीत काटकसरीने राहून, रमाबाईंच्या हाती घरखर्चापुरते देऊन, त्यांनी पगारातून पैसे साठवले. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. त्याच महिन्यात शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली. मित्र नवल भथेना ह्यांच्याकडून कर्ज घेऊन जुलैमध्ये ते लंडनला रवाना झाले.

६

पुढच्या इतिहासाकडे ह्या दृष्टीने पाहिले, तर न लिहिलेल्या पत्राला कागदावर यायला भाग पाडण्याची एक दीर्घ खटपट त्यात दिसते. ती एकट्या आंबेडकरांची नव्हती. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले ह्यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ह्या यादीत शाळा आणि कचेऱ्या पाणवठ्यांसोबत आहेत हे लक्षात घ्यावे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. सवर्णांनी दावा लावला. आपला हक्क परंपरागत वहिवाटीचा आहे असे त्यांचे म्हणणे. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशी वहिवाट पुराव्याने सिद्ध झालेली नाही. आजवर न लिहिता चालत आलेल्या गोष्टीला पुराव्यासाठी न्यायालयात उभे राहावे लागले, आणि तिला ते जमले नाही. हा निकाल लागला तेव्हा प्रतिवादी आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट ह्यांचा नावानिशी उल्लेख आहे. एवढ्या गंभीर दस्तऐवजात विहिरींची यादी कशाला, असे काही विद्यार्थ्यांना वाटते. त्याचे उत्तर ह्या इतिहासात आहे. जे लिहिलेले नसते ते नाकारता येते, म्हणून ते लिहावे लागले. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिच्या आचरणाला शिक्षा ठेवली.

त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट त्यांनी केली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला, पुढे मिलिंद ह्या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू केले. ह्या संस्थांचा विचार आपण नेहमी विद्यार्थ्यांच्या बाजूने करतो: ज्यांना शिक्षणाची दारे बंद होती त्यांच्यासाठी दारे उघडली. ते खरेच आहे. परंतु महाविद्यालय म्हणजे केवळ वर्ग नव्हे. महाविद्यालय काढणारा माणूस शिक्षकांची खोलीही उभी करीत असतो. सर्व जातींचे प्राध्यापक जिथे एकत्र काम करतील अशी खोली कुठे तरी असायला हवी होती. दुसऱ्याच्या संस्थेतली खोली बदलण्याची वाट न पाहता त्यांनी ती स्वतः बांधली.

कायदा झाला म्हणून न लिहिलेली पत्रे लिहिली जायची थांबली असे कोणी म्हणणार नाही. आज त्यांना माठ लागत नाही. नव्या सहकाऱ्याचे आडनाव विचारण्याची एक पद्धत असते, त्याची नेमणूक कोणत्या प्रवर्गातून झाली ह्याची कुजबुज असते, डबा खाताना खुर्च्यांची रचना असते, कोणत्या समितीवर कोणाला घ्यायचे ह्याचे संकेत असतात. ह्यांतली एकही गोष्ट नेमणूकपत्रात नसते, आणि म्हणून तक्रारीच्या अर्जातही मावत नाही. अशा शिक्षकाला आपण सहसा एकच सल्ला देतो: शिकवत राहा, काम बोलेल. सल्ला वाईट नाही. विद्यार्थ्यांपुरता तो सिडनहॅममध्येही खरा ठरला. पण त्याच सिडनहॅमने त्याची मर्यादाही दाखवून दिली आहे. काम वर्गात बोलते. खोलीत बोलायचे काम तिथे आधीपासून बसलेल्या माणसांचे असते, आणि १९१८ मध्ये त्यांतल्या कोणी माठातले पाणी उचलून नव्या सहकाऱ्याच्या हाती दिल्याचे चरित्रांत वाचायला मिळत नाही.

आंबेडकरांचे लेखन आता अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहे. ते वर्गात शिकवले जाते, त्यावर प्रबंध होतात. सोळा महिन्यांची ही हकीकत मात्र वर्गाच्या शेजारच्या खोलीतली आहे. ती वाचायची तर तिथे बसून वाचावी लागेल.